पाचवं मत

...आणि वर मलाच विचारतात, "काका, तुमचं मत काय?" अहो, माझं मत! तुम्हाला सांगतो, उभी हयात विमा विकण्यात गेली, पण आजवर एका माणसाने माझं मत विचारलं असेल तर शपथ! मला लांबून पाहिलं की लोक रस्ता ओलांडतात. बेल वाजवली की आतला दिवा विझतो. भर दुपारी! जो लावलेलाच नसतो तोसुद्धा विझतो! बरं, त्यांचंही काय चुकतं म्हणा. माझा धंदाच असा की हसतमुखाने समोर बसायचं, बायकोमुलांची चौकशी करायची आणि हळूच म्हणायचं, "देव न करो, पण उद्या तुम्हाला काही झालं तर?" एवढं ऐकून कोण चहा विचारणार मला? कागद पुढे करायचा, बोट ठेवून सांगायचं सही कुठे करायची, आणि निघायचं. मत कसलं डोंबलाचं! मी आपला विम्याचा माणूस.

चहा विचारला तो एकाच माणसाने. खुर्चीवाले. म्हणजे सोफे, खुर्च्या, आरामखुर्च्या, जे जे म्हणून बसून बसून खचलेलं असेल ते ते उघडून, आतल्या स्प्रिंगा बदलून, नवीन काथ्या भरून, वर कापड ताणून परत उभं करून देणारे. खाली दुकान, वर राहायच्या खोल्या. पहिल्यांदा गेलो ना, तेव्हा त्यांच्या तोंडात मूठभर बारीक खिळे. मी माझं सगळं पाठ केलेलं भाषण म्हणतोय, ते ऐकतायत, जिभेने एकेक खिळा ओठावर आणतायत, हातोडीने ठोकतायत. नाही म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत! मला वाटलं, वा, काय शांतपणे ऐकून घेतात! नंतर कळलं, तोंडात खिळे असताना "निघा" म्हणता येत नाही. पण तोवर माझं भाषण संपलं होतं, चहा आला होता, आणि त्यांनी विमा घेतलासुद्धा. चार मुलांच्या नावे, सारखा सारखा वाटा.

त्या दिवसापासून माझी तिथे बैठकच बसली. हप्ता घ्यायला म्हणून जायचो आणि दुपार तिथेच घालवायचो. मला तरी दुसरं जायला कुठे होतं? भाड्याची एक खोली, एक स्टोव्ह आणि मी. पण ते राहू द्या.

तर या घराची एक पद्धत होती. म्हणजे पद्धत कसली, रोगच तो! खुर्चीवाल्यांची बायको लवकर गेली, पदरात चार पोरं, थोरला, ताई, मधला आणि धाकटी, आणि चौघं अशी भांडायची की गिऱ्हाईक दारातून परत जायचं. तेव्हा या गृहस्थांनी काय नियम काढला? भांडायचं नाही, हात वर करायचे! खिडकी उघडी ठेवायची? करा हात वर. मांजर पाळायचं? करा हात वर. आणि तुम्हाला सांगतो, चार पोरं, चार मतं, दरवेळी न चुकता दोन विरुद्ध दोन! जोड्या बदलायच्या, पण आकडा तोच. आज थोरला नि ताई एकीकडे, उद्या थोरला नि धाकटी. मग चौघं वळून बाबांकडे बघायची. बाबा तोंडात खिळे घेऊन बसलेले. जरा वेळ हातोडी थांबायची, एक बोट वर व्हायचं, या बाजूला किंवा त्या बाजूला, की झाला निकाल. अपील नाही!

पोरांना वाटायचं, बाबा केवढा विचार करतात! आणि प्रत्येकाला असंही वाटायचं की तो विचार दुसऱ्याच्या बाजूने करतात. थोरला मला जिन्यात गाठून म्हणायचा, "काका, बाबांचा मधल्यावर जीव आहे." मधला म्हणायचा, "काका, या घरात धाकटीचं चालतं." धाकटी नाक फुगवून म्हणायची, "ताई बोलली की झालं!" मी मान डोलवायचो. मी काय बोलणार? मी आपला विम्याचा माणूस.

पण खरं काय ते मला माहीत होतं. कारण ती हातोडी थांबायची ना, तेव्हा खुर्चीवाले माझ्याकडे किंचित झुकायचे, खिळे गालात सरकवायचे आणि पुटपुटायचे, "मागच्या वेळी कोण हरलं होतं?" एवढंच! मांजर चांगलं की वाईट, खिडकी हवी की नको, या माणसाने जन्मात कधी विचार केला नाही! मागच्या वेळी जे हरले त्यांना या वेळी जिंकवायचं, आणि ते दोघं फुटून समोरासमोर आले तर आजवर जास्त वेळा हरलेल्याला, बस. आणि स्वतःच्या काही लक्षात राहायचं नाही, म्हणून मला विचारायचं. म्हणजे बघा, त्या घराचा न्यायाधीश मुका, आणि कारकून मी! तेही एका चहावर!

असो. पोरं मोठी झाली, पांगली. थोरला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर, गुडघे धरून जिने चढतोय. ताई शाळेत शिकवते. मधला लांबच्या शहरात मोबाईल दुरुस्त करतो. धाकटीने मात्र बापाची हातोडी उचलली. ती वर राहते, खाली दुकान चालवते, तोंडात तेच खिळे. आणि मग एक दिवस खुर्चीवाले गेले. शांतपणे गेले, हॉस्पिटलात, चौघं उशाशी असताना. मी घरी येऊन स्टोव्ह पेटवला आणि चहा करायचाच विसरलो, नुसता जळत राहिला. फार चांगला माणूस हो. फारच चांगला.

आता काम माझं होतं. विम्याचे पैसे चौघांना द्यायचे. त्यासाठी चौघांनी एकत्र बसून माझ्यासमोर सह्या करायच्या, झालं. सोपं काम! मी मनात म्हटलं, आयुष्यात एकदा तरी विम्याचा माणूस दारात आल्यावर कुणाला आनंद होईल. गेलो दुकानात. चौघं चार गिऱ्हाइकांच्या चार खुर्च्यांवर बसलेली, तोंडं चार दिशांना. धाकटी म्हणाली, "बसा ना काका." मी दिसली त्या खुर्चीत बसलो. आणि गेलो की आत! अहो, खुर्चीला बूडच नव्हतं! नुसत्या चार पट्ट्या मारलेल्या, त्यातली एक तुटली, आणि माझा मधला भाग खाली, गुडघे हनुवटीला, हात वर, हातात क्लेमचे कागद. कुणी बघेल तर ना! कुणी बघितलंच नाही. कारण तेवढ्यात मधला म्हणाला, "घराचा निकाल लागल्याशिवाय मी सही करणार नाही."

झालं! थोरला म्हणतो, "मग मीही नाही." ताई म्हणते, "मग माझी सही काय रस्त्यावर पडलीय?" धाकटी तर बोललीच नाही, तिच्या तोंडात खिळे होते. आणि मी? मी खुर्चीत! उठून जावं म्हटलं तर उठता येत नाही, ओरडावं म्हटलं तर पोट दुमडलेलं, आवाज निघत नाही!

भांडण असं होतं. मधल्याला घर विकायचं होतं, त्याला तिकडे स्वतःचं दुकान टाकायचं होतं. थोरल्यालाही विकायचं होतं, गुडघ्यांसाठी लिफ्टचं घर हवं होतं. ताई म्हणे, हात लावाल तर याद राखा. आणि धाकटी... तिचं काय होतं? तिचं सगळंच तिथे होतं. छप्पर तेच, पोट तेच. घर विकलं असतं तर ती हातोडी घेऊन कुठे जाणार होती? एवढी उघड गोष्ट, पण बोलेना! शेवटी खिळे हातावर काढून एवढंच म्हणाली, "विका. मी कुठेतरी टपरी बघीन." असं म्हणाली आणि खिळे मुठीत आवळून बसली.

मग मला राहवेना. मी खुर्चीच्या तळातून म्हटलं, "अरे, ऐका माझं! बाबांनी हा विमा कशाला घेतला होता माहितीये? मला स्वतः म्हणाले होते, ज्याला जायचंय त्याला जाताना हातात पैसे मिळावेत, ज्याला राहायचंय त्याला छप्पर राहावं. राहणाऱ्यांनी आपला वाटा जाणाऱ्याला द्यायचा, घर तसंच ठेवायचं. पोरांनी भिंती वाटू नयेत, म्हणाले." चौघांनी माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं? विम्याच्या माणसाकडे पाहतात तसं! मधला हसला. "काका, तुम्ही लोक असंच बोलता. हे कुठे लिहिलंय?" कुठे लिहिलंय! अहो, विम्याच्या माणसाने "आज ऊन आहे" म्हटलं तरी लोक खाली बारीक अक्षरात काय छापलंय ते शोधतात! ताईसुद्धा, जी माझ्याच बाजूची, ती म्हणाली, "काका, तुमच्या मनात चांगलंच आहे, पण उगाच बाबांच्या तोंडी नका घालू." मी गप्प बसलो. म्हणजे बसलेलोच होतो, गप्पही झालो. मी आपला विम्याचा माणूस!

शेवटी थोरला म्हणाला, "बास! आपल्या घरची पद्धत आहे ना? करा हात वर." विकायचं? थोरला, मधला. ठेवायचं? ताई, धाकटी. दोन विरुद्ध दोन! आणि तुम्हाला सांगतो, चौघांच्या माना आपोआप वळल्या, दुकानाच्या त्या कोपऱ्याकडे, जिथे बाबा बसायचे. कोपरा रिकामा. हात वर तसेच. लहानपणी रुसलेली ती चार पोरं माझ्या डोळ्यांसमोर आली हो, आणि वाटलं, आता यांचं कसं होणार?

मग माना परत वळल्या. माझ्याकडे! आता कुठे त्यांना दिसलो मी! थोरला म्हणाला, "काका, तुम्ही द्या मत." मी हातपाय झाडत म्हटलं, "अरे, माझा काय संबंध? मी आपला विम्याचा..." "काका! मत!" आणि घाबरलो की माणूस सवयीचं बोलतो ना, तसं माझ्या तोंडून गेलं, "मागच्या वेळी कोण हरलं होतं?"

"म्हणजे?" ताईने विचारलं.

आता झाकून काय ठेवायचं! सांगितलं सगळं. बाबा कसे झुकायचे, काय विचारायचे, मी काय सांगायचो. मग असा गलका उठला, असा गलका, की समोरचा इस्त्रीवाला डोकावून गेला! थोरला म्हणतो, "म्हणजे मधल्यावर जीव वगैरे काही नव्हतंच?" मधला म्हणतो, "मी मांजरासाठी एवढं भाषण केलं होतं, ते ऐकलंच नाही?" आणि ताई! ताईचे डोळे पांढरे! "थांबा, थांबा. माझ्या लग्नाचंही मत घेतलं होतं. दोन विरुद्ध दोन. बाबांनी बोट वर केलं म्हणून लग्न झालं. त्याच्या आधी मी कशावर हरले होते?" मला आठवत होतं. मी म्हटलं, "पंख्यावर." "पंख्यावर?" "तुला पंखा तुझ्या खोलीत हवा होता, तो या दोघा भावांच्या खोलीत लागला." ताई मटकन बसली. "म्हणजे पंखा मिळाला नाही म्हणून नवरा मिळाला मला? आता घरी जाऊन त्या माणसाला मी काय सांगू?" आणि धाकटी हसायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा! मग मधला हसला, थोरला गुडघे धरून हसला, शेवटी ताईसुद्धा. हसण्याने माझी दुसरी पट्टी तुटली!

मग थोरला डोळे पुसत म्हणाला, "बरं काका, मग सांगा. मागच्या वेळी कोण हरलं होतं?"

आणि सगळं एकदम थांबलं. कारण मागची वेळ सगळ्यांनाच आठवत होती. हॉस्पिटलातली. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करून बघू शकतो, पण खात्री देत नाही. चौघांनी तिथेच, खाटेभोवती, हात वर केले होते. थोरला आणि धाकटी म्हणत होते, करायचं. ताई आणि मधला म्हणत होते, नको, त्यांचे हाल नकोत. दोन विरुद्ध दोन. आणि बाबांनीच नळ्या लावलेला हात उचलून बोट दाखवलं होतं. नको.

मधला खाली बघून म्हणाला, "मागच्या वेळी मी जिंकलो, काका. असं जिंकणं वैऱ्यावर येऊ नये. मी हो म्हटलं असतं तर बाबा आज इथे बसले असते. म्हणून मला इथे यावंसंच वाटत नाही." ताईने पदर डोळ्यांना लावला.

मी म्हटलं, "अरे वेड्या, मी तिथेच होतो ना उशाशी. त्या दिवशी त्यांनी मला विचारलंच नाही." "काय विचारलं नाही?" "मागच्या वेळी कोण हरलं होतं, ते. मी वाट बघत होतो, वाकून उभा होतो, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बोट वर केलं आणि डोळे मिटले. इतकी वर्षं तुमचीच मतं सांभाळली त्यांनी. ते एक मत तेवढं त्यांचं स्वतःचं होतं. त्यात तुझा हात नव्हता रे."

मधला रडला. मोठा माणूस, दाढीमिशीवाला, लहान पोरासारखा रडला, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवायला उठणार, तर उठता येतंय कुठे!

पण निकाल? हरले होते थोरला आणि धाकटी. आता एक विकायच्या बाजूला, एक ठेवायच्या, आणि आजवरच्या हरण्याचा हिशेबही दोघांचा सारखाच! म्हणजे बाबांचा नियमसुद्धा गळाठला! मी मनात म्हटलं, खुर्चीवाले, तुम्ही सुटलात, मला अडकवलंत. तर थोरला उठला. धाकटीसमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "त्या दिवशी आपण दोघंच हरलो होतो, नाही का गं? आणि त्यानंतर मी तुला फोनसुद्धा केला नाही. आता परत तुला हरवायचं माझ्याच्याने व्हायचं नाही." आणि त्याने हात वर केला. ठेवायच्या बाजूला! धाकटीने खिळे खाली ठेवले आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

तीन विरुद्ध एक! त्या घराच्या इतिहासात पहिल्यांदा! कुणाला कळेचना आता पुढे काय करतात ते! मधला नाक पुसत म्हणाला, "माझं मत विकायचंच आहे, बरं का. पण हरलो तर हरलो. पुढच्या वेळी माझी पाळी!" मग त्यांचं ठरलं. घर ठेवायचं. तिघांनी आपल्या विम्याच्या पैशातून मधल्याच्या घरातल्या हिश्शाचे पैसे द्यायचे. थोरला म्हणाला, उरलेल्यात लिफ्टचं घर नाही जमलं तर खालच्या मजल्यावरचं बघू, गुडघ्यांना काय, जिना नसला की झालं. मी खुर्चीतून ओरडलो, "अरे, हेच! हेच मी मघाशी सांगत होतो! बाबा अगदी हेच म्हणाले होते!" तर ताई माझ्याकडे वळून काय म्हणाली असेल? "अय्या, हो का? मग काका, आधी नाही का सांगायचं!"

आता बोला! कपाळाला हात लावणार होतो, पण हातात कागद होते. चौघांनी त्याच कागदांवर, माझे गुडघे टेबल समजून, सह्या केल्या. मग चौघांनी मिळून मला उपसून काढला. थोरल्याने डावा हात, मधल्याने उजवा, बहिणींनी एकेक पाय. उभी हयात लोकांना विचारत आलो, "तुमच्यामागे कोण?" मला कुणी उलटून विचारलं असतं तर मी बॅग आवरून निघालो असतो. आणि त्या दिवशी बघतो तर चार बाजूंनी चौघं! सांगतो तुम्हाला, जमिनीला पाय लागले तरी मी जरा वेळ तसाच ढिला राहिलो. सोडवेना हो.

पण त्याचं फळ काय मिळालं? आता सुटका नाही! काही खुट्ट झालं की फोन. "काका, जिन्याला रंग कोणता?" "काका, दुकानाची पाटी नवी करायची का?" मधला तिकडून फोनच्या पडद्यावर हात वर करतो, तो उलटा दिसतो, डावा की उजवा तेच कळत नाही! मी म्हणतो, मी आपला विम्याचा माणूस, मला काय कळतं? पण जातो. धावत जातो. दर रविवारी तिथे एक खुर्ची माझी असते, धाकटीने नवीन गादी भरून दिलेली, बूड असलेली! देवाने एवढं द्यावं आणि मी तक्रार करावी? नाही करत.

गेल्या रविवारी मात्र कहर झाला. ताई म्हणाली, काकांचं पोट सुटलंय, दम लागतो, यांचा चहा बिनसाखरेचा करायचा. थोरला म्हणाला, काही नाही, एवढा एकच शौक आहे त्यांना. लगेच हात वर! बिनसाखरेच्या बाजूला ताई आणि मधला. साखरेच्या बाजूला थोरला आणि धाकटी. दोन विरुद्ध दोन. आणि चौघं वळून माझ्याकडे! माझ्याच चहाचं मत, माझ्यासमोर, आणि कोंडी फोडणारही मीच! तुम्हाला सांगतो, जिभेवर आलं होतं, "साखर!" पण कोपऱ्यातली ती रिकामी जागा दिसली, आणि आठवलं, जिन्याच्या रंगावर कोण हरलं होतं ते. ताई आणि मधला. केलं बोट वर. काय करणार?

तेव्हापासून पितोय, बिनसाखरेचा. घशाखाली उतरत नाही हो! पण तक्रार करायची कुणाकडे? निकाल माझाच!